इन्व्हर्टर कुठे बसवायचा, हे वायर ठरवते

आंबोलीत जुलैमध्ये जसा पडतो तसा पाऊस पडत होता. आमची मोटरहोम, म्हणजे आत पलंग आणि ओटा असलेली गाडी, बाजूला लावून आम्ही इंडक्शनवर चहाचं आधण ठेवलं. मिनिटभरात ओट्यावरच्या कपाटातला इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला आणि बंद पडला. डिस्प्लेवर अक्षरं आली, 'लो बॅटरी'. बॅटऱ्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर पूर्ण चार्ज झालेल्या. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. शेवटी गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा झाला.

बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला तर १२.४ व्होल्ट. बॅटरी म्हणत होती मी भरलेली आहे, इन्व्हर्टर म्हणत होता ती रिकामी आहे. दोघंही खरं बोलत होते. खोट होती दोघांच्या मधल्या वायरीत.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या आसपास आमच्यासारख्या बऱ्याच जणांच्या मनात स्वतःची फिरती खोली असावी असं आलं. ट्रॅव्हलर किंवा तसलीच एखादी गाडी घ्यायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि घरातला इन्व्हर्टर असतो तसाच गाडीत लावून टाकायचा, असा सगळा बेत असतो. पलंग आणि ओटा जमतो. विजेच्या भागात मात्र घरची सवय गाडीत नडते. म्हणून आमच्या गाडीतला इन्व्हर्टर आम्ही एका जागेवरून दुसऱ्या जागी का नेला, आणि नेताना काय काय शिकलो, ते सविस्तर लिहितो आहे.

बारा व्होल्ट म्हणजे वरच्या मजल्याचा नळ

इमारतीच्या गच्चीवर टाकी असते. तळमजल्यावर नळ सोडला की पाणी जोरात येतं, कारण टाकीची उंची पाठीशी असते. सगळ्यात वरच्या मजल्यावर धार मरतुकडी, कारण टाकी डोक्यावर जेमतेम सात-आठ फुटांवर. त्या वरच्या मजल्यावर तळमजल्याइतक्याच वेळात बादली भरायची असेल तर दोनच उपाय आहेत. पाइप चांगला जाड घ्यायचा आणि टाकीपासून नळापर्यंतचं अंतर कमी ठेवायचं.

विजेत दाब म्हणजे व्होल्ट आणि वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. घरातल्या २३० व्होल्टवर १२०० वॅटचं इंडक्शन साधारण ५.२ अँपिअर घेतं. तेच इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चालवायचं तर १२०० भागिले १२, म्हणजे १०० अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः दहा-बारा टक्के खातो, त्यामुळे बॅटरीकडून प्रत्यक्षात ११४-११५ अँपिअर जातात. ओट्यावर भांडं एकच, पण इन्व्हर्टरच्या एका बाजूला पाच अँपिअर आणि दुसऱ्या बाजूला एकशे पंधरा. गाडीच्या वायरिंगमधलं बाकी सगळं या एका फरकातून निघतं.

आमच्या गाडीत बॅटऱ्या होत्या मागच्या पलंगाखाली. घरी वापरतात तशा १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा साठा) दोन ट्युब्युलर. १५०० वॅटचा इन्व्हर्टर पुढे, ओट्याच्या वरच्या कपाटात. कारण सॉकेट तिथे होते आणि डिस्प्ले डोळ्यांसमोर राहतो. ज्यांनी गाडीची आतली बांधणी केली त्यांनी बॅटरीपासून कपाटापर्यंत पाच मीटर वायर ओढली, १६ एमएमची. (आपले वायरमन 'एमएम' म्हणतात, पण ते असतं चौरस मिलिमीटर, म्हणजे आतल्या तांब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ. जाडी नव्हे.) १६ एमएमची वायर हातात घेतली तर बोटाएवढी वाटते. घराच्या मीटरलाही एवढी नसते. त्यामुळे कोणालाही वाटावं की भरपूर झाली.

आता हिशोब मांडा. वायरीत किती व्होल्ट हरवतात हे काढायला एक सोपं सूत्र आहे: ०.०१७ गुणिले लांबी गुणिले अँपिअर, भागिले वायरीचे एमएम. लांबी मीटरमध्ये आणि जाऊन-येऊन धरायची, कारण वीज लाल वायरीने जाते आणि काळ्या वायरीने परत येते. आमची पाच मीटर म्हणजे दहा. ०.०१७ × १० × ११४ ÷ १६ = १.२ व्होल्ट.

२३० मधून सव्वा व्होल्ट गेला तर कोणाला कळणारही नाही. बारामधून गेला तर दहा टक्के गेले. शिशाची बॅटरी एवढ्या ओढीखाली आधीच ११.९ च्या आसपास उतरलेली असते. त्यातून १.२ गेले की इन्व्हर्टरच्या तोंडाशी १०.७. इन्व्हर्टर साधारण ११ ला ओरडतो आणि १०.५ ला बंद होतो. शिवाय इंडक्शनला १२०० वॅट हवेतच, त्यामुळे व्होल्ट घटले की इन्व्हर्टर जास्त अँपिअर ओढतो. जास्त अँपिअर म्हणजे वायरीत आणखी घट, आणि आणखी घट म्हणजे आणखी अँपिअर. कर्ज फेडायला कर्ज काढल्यासारखं ते वाढत जातं आणि पीं-पीं होऊन संपतं.

हरवलेले व्होल्ट कुठे जातात? वायर तापवण्यात. ११४ अँपिअरला आमच्या त्या वायरीत १४० वॅट उष्णता तयार होत होती, साठ वॅटच्या दोन जुन्या बल्बांपेक्षा जास्त. आणि ती वायर प्लायच्या आतून, गादीच्या खालून गेलेली.

तुमच्या गाडीत हे आहे का, हे पाहायला आकडेमोडही लागत नाही. इंडक्शन किंवा किटली चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर आणि काळं टोक इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. मीटर जो आकडा दाखवेल तो त्या एका वायरीत हरवलेला व्होल्ट. अंतर जास्त असेल तर मीटरची एक वायर लांब जोडून घ्या. आमच्या लाल वायरीवर ०.६३ आला. मग तसंच निगेटिव्हच्या बाजूने मोजा. दोन्हींची बेरीज पाव व्होल्टच्या आत असेल तर सुखाने चहा करा.

इन्व्हर्टर बॅटरीकडे न्या, सॉकेटकडे नको

पहिला विचार माझ्याही मनात तोच आला: वायर जाड टाकू. पाच मीटरवर तोटा पाव व्होल्टपर्यंत आणायला ७० एमएमही कमी पडते, जवळपास ९५ एमएमची वायर लागते. ती महाग, वजनदार आणि ट्रॅव्हलरच्या कोपऱ्यांतून वळत नाही. त्यापेक्षा इन्व्हर्टर उचलून बॅटरीपाशी नेला तर? आम्ही तो पलंगाच्या कडेच्या कप्प्यात आणला, बॅटरीपासून ८० सेंटिमीटरवर. ५० एमएमची वायर, जाऊन-येऊन १.६ मीटर. तोच हिशोब पुन्हा केला तर उत्तर येतं ०.०६ व्होल्ट. उष्णता सात वॅट.

आता लांबची वायर आली दुसऱ्या बाजूला, इन्व्हर्टरपासून ओट्यापर्यंत सहा मीटर. पण तिथे २३० व्होल्ट आणि पाचच अँपिअर आहेत. अडीच एमएमच्या साध्या तीन-कोर लवचिक वायरीत अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. जाड वायर आखूड, बारीक वायर लांब. मोटरहोममध्ये इन्व्हर्टरची जागा शोधताना याच्यापासूनच सुरुवात करायची.

बॅटरीपाशी म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर मात्र नाही. पाणी घालायच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. इन्व्हर्टरमधले रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, ठिणगी पाडतात. शिवाय आम्लाची वाफ सर्किट बोर्ड खाते. म्हणून अशा बॅटऱ्यांचा कप्पा वेगळा असावा, त्याला वरच्या बाजूने थेट गाडीबाहेर हवा जायला वाट हवी (हायड्रोजन हलका, वर जातो), आणि मधे प्लायची बंद भिंत असावी. वायर त्या भिंतीतून ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) लावून पलीकडे काढायची. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर हा गॅसचा प्रश्न येत नाही. एलपीजीच्या सिलिंडरच्या कप्प्यात तर इन्व्हर्टर कधीच नको. तो गॅस जड असतो, खाली साचून राहतो.

हवेचाही विचार करावा लागतो. पूर्ण भारावर १५०० वॅटचा इन्व्हर्टर पावणेदोनशे-दोनशे वॅट उष्णता बाहेर टाकतो. बंद कप्प्यात ती तिथेच फिरत राहते. पाटीवर लिहिलेली ताकद बहुधा २५ अंशांची असते. उदाहरण द्यायचं तर व्हिक्ट्रॉन कंपनीच्या ३००० व्हीएच्या इन्व्हर्टर-चार्जरची खरी ताकद २५ अंशांना २४०० वॅट आहे, ४० अंशांना २२०० आणि ६५ ला १७००. मे महिन्यात अकोल्याला उन्हात उभ्या गाडीच्या पलंगाखालचा कप्पा किती तापतो, ते तिथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही कप्प्याला खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या ठेवल्या, आणि इन्व्हर्टरच्या पंख्याच्या बाजूला वीतभर मोकळी जागा. त्या जागेत नंतर कोणी उशी-पांघरूण कोंबू नये म्हणून एक पट्टी आडवी मारली. हे लिहितो आहे कारण पहिल्याच सहलीत तिथे पांघरूण सापडलं.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. बेसिनच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या खाली नको. चाकावरच्या पत्र्याच्या बाहेर, जिथे चिखल उडतो, तिथे नको. ट्रान्सफॉर्मरवाला मोठा इन्व्हर्टर वीस किलोच्या घरात जातो, त्यामुळे तो नुसत्या प्लायला स्क्रूने लटकवू नका. गाडीच्या सांगाड्याला किंवा त्याला जोडलेल्या लोखंडी पट्टीला बोल्ट करा. घाटातला एक खड्डा वीस किलोचे काही क्षण साठ किलो करतो. आणि इन्व्हर्टर पलंगाखाली गेला की त्याचा स्विच हाताला येत नाही, तेव्हा रिमोट स्विच मिळणारं मॉडेल असेल तर त्याची तार आधीच ओढून ठेवा. नुसता चालू राहिलेला इन्व्हर्टर काहीही न चालवता दहा-वीस वॅट खातो. वीस वॅट चोवीस तास म्हणजे ४८० वॅट-तास, बारा व्होल्टच्या बॅटरीतले चाळीस एएच. रिमोट हाताशी नसला की माणूस तो बंद करायला उठत नाही.

फ्यूज बॅटरीपासून एका वीतभर अंतरात

जुनी वायर काढली त्या दिवसाबद्दल थोडं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

गादी बाजूला करून, प्लाय उचलून आम्ही ती १६ एमएमची लाल वायर ओढायला घेतली. अर्ध्यावर ती अडली. चाकावरच्या पत्र्याला भोक पाडून ती तिथून पुढे नेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट होता, पण तो कधीतरी निसटून वायरीवर दोन इंच पुढे जाऊन बसलेला. पत्र्याची कापलेली कड आणि वायर यांच्यामध्ये काही नव्हतं. टॉर्च मारला तर लाल कव्हर एका बाजूने खरवडून पातळ झालेलं, आणि त्यातून तांब्याच्या दोन-तीन बारीक तारा नव्या पैशासारख्या चमकत होत्या. गाडीचा पत्रा म्हणजे निगेटिव्ह. मधे राहिलं होतं नखभर अंतर. त्याच्या बरोबर वर आमची मुलगी झोपायची.

फ्यूज होता. २०० अँपिअरचा, चांगल्या डबीत. पण तो बसवला होता पुढे, इन्व्हर्टरच्या शेजारी, बदलायला सोपा जावा म्हणून. फ्यूज फक्त त्याच्या पुढच्या वायरीला वाचवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली पाच मीटर वायर त्या पत्र्याला टेकली असती तर फ्यूजला कळलंही नसतं. अशा दोन बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर हजारात अँपिअर देतात. पान्हा आडवा पडला तर लाल होतो.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज इन्व्हर्टरचं रक्षण करायला नसतो, तो वायरीसाठी असतो. किती अँपिअरचा घ्यायचा? १५०० वॅट, इन्व्हर्टरचा स्वतःचा तोटा आणि बॅटरी ११ व्होल्टवर आलेली, असं धरलं तर १५५ अँपिअर होतात. त्याच्या वर थोडा वाव ठेवून फ्यूज २०० चा. आणि वायर अशी की २०० अँपिअर तिला झेपले पाहिजेत. १६ एमएमला ते झेपत नाहीत, म्हणजे आमचा जुना फ्यूज जागेवर असता तरी वायरीच्या आधी उडाला असता याची खात्री नव्हती.

लिथियम बॅटरी असेल तर फ्यूजचा प्रकारही बघा. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे शॉर्ट झाल्यावर प्रवाह शिशाच्या बॅटरीपेक्षाही जास्त उसळतो. साधा मेगा फ्यूज साधारण २,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो, त्याच्या वर आतली पट्टी वितळूनही ठिणगीचा पूल तसाच पेटता राहू शकतो. क्लास-टी प्रकारचा फ्यूज २०,००० पर्यंत तोडतो. महाग आहे, पण पैसे वाचवायची ही जागा नाही.

घरातली एमसीबी इथे फ्यूज म्हणून लावणारे मी पाहिले आहेत. घरचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी वेल्डिंगसारखी धरून ठेवतो. डीसी बाजूला डीसीसाठीच बनवलेलं ब्रेकर किंवा स्विच लागतो, आणि तोही तेवढ्या अँपिअरचा.

थिंबल, वायसर आणि एक चूक

जाड वायर आणली, आता ती जोडायची. वेल्डिंग केबलसारखी बारीक तारांची लवचिक केबल घ्या, गाडी हलते तेव्हा ती तुटत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात स्वस्त मिळते, ती इथे अजिबात नको. टोक कापून बघा, आतून पांढरी दिसली तर परत करा. टोकाला तांब्याची थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली टोपी), आणि ती हायड्रॉलिक दाबयंत्राने दाबलेली. हातोडीने चेपलेली किंवा पकडीने आवळलेली थिंबल बाहेरून ठीक दिसते आणि आत तारांमध्ये हवा राहते. कोकणात फिरणार असाल तर कल्हई केलेली तांब्याची थिंबल घ्या आणि वर गोंद असलेली स्लीव्ह गरम करून चढवा. खारी हवा तांब्याला हिरवं करते आणि हिरवं तांबं वीज नेत नाही.

पहिल्या दिवशी सगळं बसवून मी अर्धा तास किटली आणि इंडक्शन आलटून-पालटून चालवलं आणि हाताच्या उलट्या बाजूने प्रत्येक जोड चाचपत गेलो. तीन जोड कोमट. चौथा, इन्व्हर्टरच्या निगेटिव्हचा, हात ठेववेना. उघडला तर माझीच चूक. बोल्टवर आधी वायसर घातला होता आणि त्याच्यावर थिंबल. स्टीलचा वायसर तांबं आणि टर्मिनल यांच्या मधे बसला होता. स्टेनलेस स्टील तांब्याच्या सुमारे चाळीस पट अडथळा करतं, आणि त्यातून शंभरावर अँपिअर जात होते. वायसरवर निळसर-जांभळी कडा आली होती. थिंबल थेट टर्मिनलला भिडली पाहिजे, तिच्या वर साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग नट. क्रम बदलला तेव्हा चौथा जोडही कोमट झाला.

दोन बॅटऱ्या समांतर असतील तर इन्व्हर्टरची लाल वायर पहिल्या बॅटरीवरून आणि काळी दुसऱ्या बॅटरीवरून घ्या, तिरपी. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती राबते आणि दुसरी आराम करते. निगेटिव्हसाठी गाडीच्या चासीवर विसंबू नका, काळी वायरही लालच्याच एमएमची, थेट बॅटरीपासून. चासीला निगेटिव्ह एकाच जागी जोडायचा.

जोडण्याच्या आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. पान्ह्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. शेवटचं टोक टेकवताना जोराची ठिणगी पडते, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर एकदम भरतात. टोक टेकवण्याआधी मधे पंचवीस-पन्नास ओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरला की ते सावकाश भरतात आणि ठिणगी पडत नाही. लाल-काळं उलटं मात्र एकदाही चालत नाही. इन्व्हर्टरच्या आतले फ्यूज जातात, कधी त्यांच्याबरोबर बरंच काही.

२३० व्होल्टची बाजू

इथे अँपिअर कमी आहेत म्हणून लोक निर्धास्त होतात. गाडी जाळायला बारा व्होल्ट पुरतात, पण माणूस मारायला इथले २३० आहेत.

गाडीत २३० व्होल्ट दोन ठिकाणांहून येतात: बाहेरची लाइन आणि इन्व्हर्टर. ही दोन कधीही एकमेकांना भेटता कामा नयेत. मधे चेंजओव्हर हवा, म्हणजे एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. इन्व्हर्टर-चार्जर असेल तर हा चेंजओव्हर त्याच्या पोटातच असतो. नसेल तर बाहेरून लावा. दोन्ही बाजूंना पुरुष प्लग असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज गाडीच्या बाहेरच्या इनलेटमध्ये खुपसायची, हा 'जुगाड' मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या प्लगच्या उघड्या पिना २३० व्होल्टवर असतात. तो कृपा करून कोणी करू नये.

अजून एक फसवी गोष्ट. गाडीचा सगळा बोर्ड इन्व्हर्टरवर टाकला आणि त्या बोर्डावर बॅटरी चार्जरही असला, तर बॅटरी इन्व्हर्टर चालवते, इन्व्हर्टर चार्जर चालवतो आणि चार्जर तीच बॅटरी भरतो. प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते आणि रात्रीत बॅटरी रिकामी होते. चार्जर फक्त बाहेरच्या लाइनवर ठेवा.

आता आरसीसीबी. घरात आपण ती लावतो की शॉक लागला तर वीज तुटेल. ती काम करते कारण घराच्या पुरवठ्यात न्यूट्रल कुठेतरी जमिनीशी जोडलेला असतो. फेजमधून वीज माणसातून जमिनीत जाते, फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परत आलेली यांत फरक पडतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की आरसीसीबी पडते. इन्व्हर्टरच्या दोन तारा मात्र बहुतेक वेळा कशालाच जोडलेल्या नसतात, अधांतरी. म्हणून टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत मंद पेटतो आणि फेज कोणता ते कळत नाही. अशा पुरवठ्यावर आरसीसीबीला फरक दिसायला वाटच नाही. तिचं टेस्ट बटण दाबलं तर ती खटकन पडते, आणि आपण समाधानाने बॉक्स बंद करतो. ते बटण फक्त तिची आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग आहे का, न्यूट्रल बांधलेला आहे का, ते त्याला कळत नाही.

एकच उपकरण थेट छोट्या इन्व्हर्टरला लावलं असेल तर अधांतरी पुरवठ्याचा धोका कमी असतो. पण सगळ्या गाडीत सॉकेट ओढले असतील तर इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल गाडीच्या अर्थशी, म्हणजे चासीशी, एका जागी बांधावा लागतो. आणि बाहेरची लाइन लावली की तो बांध सुटला पाहिजे, कारण तिचा न्यूट्रल आधीच दुसरीकडे बांधलेला असतो. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये हे काम आतला रिले आपोआप करतो. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल बांधायला गेलात तर काही मॉडेलं जागीच जळतात, कारण त्यांच्या आउटपुटची रचनाच वेगळी असते. म्हणून मॅन्युअलमध्ये न्यूट्रल बांधायला परवानगी आहे का ते वाचा, आणि ही एक जोडणी परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या. बाकीचं काम स्वतः करणाऱ्यालाही मी हेच सांगेन.

इन्व्हर्टरचा धातूचा डबा चासीला जाड वायरने अर्थ करा. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिला जमीन आपोआप मिळत नाही. डीसीच्या जाड केबल आणि एसीच्या वायरी एकाच पाइपमधून नेऊ नका.

परदेशातल्या मित्रांसाठी: ब्रिटन-ऑस्ट्रेलियात २३० व्होल्ट, त्यामुळे हा हिशोब जसाच्या तसा लागू. अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणजे एसी बाजूचे अँपिअर दुप्पट, डीसी बाजू मात्र तीच. तिथल्या दुकानात एमएम मिळत नाहीत, वायरीची मापं एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) मध्ये असतात. १/० म्हणजे ५३ एमएम, २/० म्हणजे ६७, ४/० म्हणजे १०७. आणि ज्यांना एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह असं सगळं चालवायला ३००० वॅट हवेत, त्यांनी नवीन बांधणी करताना २४ व्होल्टची बॅटरी घ्यावी. बारावर ३००० वॅट म्हणजे तीनशेच्या आसपास अँपिअर, प्रत्येक बाजूला दोन-दोन ५० एमएमच्या केबल. चोवीसवर अँपिअर निम्मे होतात आणि त्याच वायरीतली उष्णता पाव.

गाडीत असे बदल करताना कागदपत्रांची बाजूही बघा. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि नोंदणी झालेल्या गाडीत मोठे फेरबदल करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ ची अट आड येते. आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं.

आमच्या गाडीत जागा बदलल्यानंतर पाचशे किलोमीटर झाले तेव्हा मी सगळे नट पुन्हा पान्ह्याने तपासले. फ्यूजच्या डबीतला एक पाव फेरा सैल झालेला. आवळला, प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, म्हणजे पुढच्या वेळी कोणता हलला ते नुसत्या नजरेने कळेल. मग इंडक्शन लावून मीटर धरला. बॅटरीवर ११.९१, इन्व्हर्टरच्या तोंडाशी ११.८५.